स्वसंरक्षणाचा हक्क नक्की कुठपर्यंत?

संपादक महोदय,

घरात चोर घुसला की मारून टाका म्हणणारे आणि हात उचलला तर आपणच आत जाऊ म्हणून घाबरणारे, दोघंही चुकतायत. भारतीय न्याय संहितेचं कलम ३८ सरळ सांगतं की जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिड हल्ला असेल, तर प्रतिकारात हल्लेखोर मेला तरी तो गुन्हा नाही. पण त्याचा चाकू खाली पडला, तो पाठ फिरवून पळाला आणि तरी मागून डोक्यात रॉड घातला तर ते स्वसंरक्षण राहत नाही. हे मुलींना कॉलेजात कोणी शिकवतच नाही, खरंच संताप येतो! तुम्ही तरी सोप्या भाषेत छापा.

– एक वाचक