‘होम’ म्हणजे नेमके कोणते घर?

महोदय,

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय लेखक कार्यक्रम १९६७ पासून सुरू आहे. बडोद्यात जन्मलेले, मराठी-इंग्रजी दोन्हींत लिहिणारे दिलीप चित्रे १९७५ मध्ये तिथे गेले. अशा लेखक-निवासासाठी, म्हणजे काही काळ तिथे राहून लिहिण्याच्या संधीसाठी, अर्ज करताना मराठी माणूस अडखळतो तो नमुन्यादाखल जोडायच्या इंग्रजी अनुवादाच्या पानांवर. घर, बिऱ्हाड, माहेर, आजोळ या सगळ्यांचे सरसकट ‘होम’ होते. बिऱ्हाडातले भाड्याचे तात्पुरतेपण निसटते, माहेरातले लग्नानंतरचे अंतरही. परीक्षकाच्या हाती उरते नुसती गोडगोड आठवण.

त्यापेक्षा ‘माहेर’ तसेच ठेवावे, तिरप्या ठशातही नको. लेक दिवाळीला येऊन आईच्या ओट्यावर न विचारता चहा टाकते, एवढे दाखवले की तळटीप लागत नाही. नमुन्याची पाने मोजकीच मागतात आणि तळटिपा त्यातलीच जागा खातात.

अनुवाद झाला की मूळ मराठी शेजारी ठेवून संवाद मोठ्याने वाचावेत. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ सगळे ‘यू’मध्ये बुडतात, सासू-सुनेचे भांडण दोन मैत्रिणींचे वाटू लागते. तिथे एखादे ‘अहो आई’ राहू द्यावे.

– एक वाचक, पुणे