माणिक चौकातून सुमीला पत्र

नंदुरबार,
१० सप्टेंबर २०२५

प्रिय सुमे,

तुझा निरोप कालपासून डोक्यात आहे. बर्लिनला जाऊन तुला तीन महिनेही झाले नाहीत, तोच खिडकीखालून मोर्चा गेला, पोरगा घाबरला आणि तू पडदा ओढून कार्टून लावलंस. चुकलं का, म्हणून विचारतेस. अगं, मीही आधी तेच केलं होतं.

जानेवारी २०२४ ची गोष्ट. आम्ही म्युनिकला होतो. जर्मनीतल्या अतिउजव्या लोकांच्या, पॉट्सडॅमजवळच्या हॉटेलातल्या त्या गुप्त बैठकीची बातमी फुटली होती. परदेशी वंशाच्या लोकांना देशाबाहेर घालवण्याच्या गोष्टी तिथे झाल्या होत्या. माझी मोठी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. वर्गातल्या एका मुलीने तिला विचारलं, ‘तुलापण पाठवणार का?’ घरी येऊन तिने मला विचारलं. मी म्हटलं, ‘काहीतरीच काय! जेव तू.’ त्यावर ती गप्प बसली. मला वाटलं, विसरली. चार दिवसांनी रात्री अंथरुणात विचारते, ‘आई, नंदुरबारला माझी शाळा कुठली असेल?’

माझ्या पोटात गोळा आला. मी सांगितलं नाही म्हणून तिची भीती गेली नव्हती. ती एकटीच सगळं ठरवत बसली होती.

मग २१ तारखेच्या रविवारी आम्ही तिला घेऊन म्युनिकच्या मोर्चाला गेलो. हे नको म्हणत होते. आपण परके, उद्या व्हिसाचं काही झालं तर? ती भीती खोटी नव्हती. जर्मन राज्यघटनेच्या आठव्या कलमात सभेचा हक्क ‘सर्व जर्मनांना’ दिलाय, आपल्यासारख्यांना तो साध्या कायद्याने मिळतो. मी ते वाचून काढलं, मगच निघालो. पोलिसांच्या हिशेबाने लाखभर माणूस होतं. गर्दी इतकी झाली की मोर्चा मध्येच थांबवावा लागला. पण बाबांच्या खांद्यावरून तिने पाहिलं की आपल्याला कोणी देशाबाहेर घालवू नये म्हणून एवढी माणसं थंडीत उभी आहेत. पोलीस का आलेत, तर मोर्चा कळवून काढलाय, ते आपल्याला वाट करून देतात, असं मी सांगितलं. तिला ते पटलं.

काल मात्र माझं ते उत्तर अपुरं पडलं. ९ सप्टेंबर. आईसोबत आम्ही माणिक चौकात हुतात्म्यांच्या स्मारकाला गेलो. आपण शाळेतून रांगेने जायचो, आठवतं? ‘नहीं नमशे, नहीं नमशे’ (झुकणार नाही) ओरडून घसा बसायचा. मी तिला १९४२ सालचं सांगितलं. इंग्रजांविरुद्ध मोर्चा निघाला, शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता, हातात झेंडा होता, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच पोरं गेली. ती विचारात पडली. मग म्हणाली, ‘त्यांनी पोलिसांना आधी कळवलं नव्हतं का?’

काय सांगू, सुमे! आई हळूच म्हणाली, ‘लहान पोरले असं नको सांगू वं.’ पण आता थांबून चालणार नव्हतं. मी म्हटलं, तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं, नियम त्यांचे, आपल्या माणसांना कोणी विचारत नव्हतं. कळवलं असतं तरी त्यांनी नाहीच म्हटलं असतं. ‘मग चुकीचा नियम मोडायचा?’ मी म्हटलं, कधीकधी मोडावा लागतो, पण कोणाला मारायचं नाही, आणि त्याची किंमत मोठी असते. त्या पोरांच्या आया घरी वाट बघत होत्या, हेही सांगितलं. आपल्याला शाळेत ते कोणी सांगितलं नव्हतं. नुसतं शौर्य ऐकवलं तर पोरांना मरणंच मोठं वाटायला लागतं, मला ते नको.

तुझा तर चारच वर्षांचा. त्याला पक्ष, निवडणुका काही नको. ही माणसं कशावर तरी रागावलीत, ते सगळ्यांना ऐकू यावं म्हणून ओरडतायत, आणि आपण घरात आहोत, एवढं पुरे. कशावर रागावलीत ते तुला माहीत असेल तर एका वाक्यात खरं सांग, नसेल तर दोघं मिळून फलक वाचा. तुझं जर्मनपण सुधारेल. पण त्याला आधी विचार, त्याला काय वाटलं. कदाचित त्याला फक्त ढोलांची भीती वाटली असेल. आणि दरवाजा तोडून कोणी आत येईल असं वाटलं असेल, तर तेही त्याच्या तोंडूनच कळेल.

उद्या पुन्हा चौकात जायचंय. तिला पाचही नावं वहीत लिहून घ्यायची आहेत, देवनागरीत. काल घरी प्रयत्न केला, पण धनसुखलालचा ‘ध’ आणि घनश्यामचा ‘घ’ तिला अजून सारखेच दिसतात.

तुझीच,
मंदा