ब्रेडच्या कृती वजनात छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरी करायच्या लसूण ब्रेडची कृती आली होती. मी बेळगावात, शहापुरात राहते. गेली चार वर्षे ब्रेड घरीच करते. त्या कृतीवरून पहिल्यांदाच ब्रेड करणारीचे सामान वाया जाईल असे वाटले, म्हणून लिहीत आहे.

आठ पाकळ्या कच्चा लसूण ठेचून पिठात तिंबायला सांगितले आहे. सुरुवातीला मीही तेच केले होते. पीठ हाताला चिकटत राहिले, सैल पडले आणि ओव्हनमध्ये वर यायचे सोडून पसरले. कच्च्या लसणातल्या गंधकाच्या घटकांनी ग्लुटेनची, म्हणजे पिठाला चिकटपणा देणाऱ्या गव्हातल्या प्रथिनाची, पकड सुटते, लसूण जास्त झाला तर यीस्टही मंदावते. तोच लसूण तुपात मंद आचेवर परतून, गार करून घातला की काही बिघडत नाही. दालचिनीचेही तसेच. ती पिठात मिसळली की यीस्ट दबते. पीठ फुगल्यावर लाटून, त्यावर गूळ-दालचिनी पसरून गुंडाळी केली तर वास पुरा येतो आणि ब्रेडही फुगतो. कोणता स्वाद कधी घालायचा, हे कृतीत लिहायलाच हवे.

माझ्या घरी ब्रेड सुरू झाला तो सासूबाईंमुळे. जन्मभर जोंधळ्याची भाकरी आणि कारळ्याची चटणी खाल्लेल्या त्या, दात गेल्यावर भाकरी चावेना. दुधात कुस्करून दिली तर तोंड फिरवायच्या. विकतचा पाव मऊ, पण त्याला त्यांच्या लेखी चवच नव्हती. मग मी चटणीच ब्रेडमध्ये घातली. शेजारच्या बैलहोंगलच्या अक्का तिला गुरेळ्ळु चटणी म्हणतात, त्यांनीच कारळे मंद भाजून, संकेश्वरी मिरची घालून कुटून दिली. पहिला ब्रेड खारट झाला, कारण चटणीत मीठ असते हे मी धरलेच नव्हते. आता माझे माप ठरले आहे: मैदा ४०० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, कोरडे यीस्ट ७ ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, कोमट पाणी साधारण ३२० मिली, चटणी ४० ग्रॅम. चटणी नसेल तेव्हा मीठ ९ ग्रॅम. भाकरीची आठवण म्हणून जोंधळ्याचे पीठ घालायचे तर ५० ग्रॅम मैदा कमी करून तेवढेच घालते. जोंधळ्यात ग्लुटेन नाहीच, जास्त झाले की ब्रेड भुगा होतो. खपली गव्हाचाही चिकटपणा कमी, तोही थोडाच.

नवरात्राच्या सुमाराला तालुक्याच्या पश्चिम भागातली रताळी बाजारात येतात. १५० ग्रॅम उकडलेले रताळे कुस्करून घातले की तो ब्रेड तिसऱ्या दिवशीही मऊ राहतो, कारण शिजलेले पिष्ट पाणी धरून ठेवते. मात्र रताळ्यात पाणी असतेच, तेव्हा वरचे पाणी १०० मिलीने कमी करावे लागते. हा सासूबाईंचा सगळ्यांत आवडता.

आपल्या कृतीत ‘दोन वाट्या मैदा’ आहे. माझ्या घरातल्या तीन वाट्यांत मैदा मोजला तर तीन वेगवेगळी वजने भरतात, आणि दाबून भरला की आणखी फरक. भाजीत हे चालते, ब्रेडमध्ये पीठ आणि पाण्याचे प्रमाण चुकले की सगळे चुकते. साधा काटा आता पुष्कळ घरांत असतो. शिवाय ‘एक तास झाकून ठेवा’ असे छापले आहे. आषाढात आमच्या स्वयंपाकघरात तेच पीठ दुप्पट व्हायला अडीच तास घेते आणि एप्रिलमध्ये पाऊण तासात वर येते. इडलीच्या पिठाचा हा अनुभव इथल्या प्रत्येकीला आहे. म्हणून ‘दुप्पट होईपर्यंत’ असेच छापावे.

रोझमेरी आणि ऑलिव्हच्या कृती छापू नका असे माझे म्हणणे नाही. पण आमच्या बाजारात कारळे, जवस, शेंगा, रताळी असताना त्यांचा एकही ब्रेड पुरवणीत आजवर दिसला नाही, याचे वाईट वाटते.

कारळ्याच्या ब्रेडची पूर्ण कृती वेगळ्या कागदावर सोबत जोडली आहे. छापलीत तर ‘कारळे नवे घ्यावेत’ ही ओळ गाळू नका. जुन्या कारळ्याचा खवट वास भाजूनही जात नाही.

आपली,
एक वाचक, शहापूर, बेळगाव