ग्रह म्हणजे धरणारा

महोदय,

२००६ मध्ये प्लुटोला ग्रहांच्या यादीतून वगळले, तरी ‘ग्रह आठ की नऊ?’ हा घोळ संपत नाही. त्याचे मूळ शब्दातच आहे. संस्कृत ‘ग्रह्’ धातूचा अर्थ पकडणे. ग्रहण, संग्रह, आग्रह, अगदी पूर्वग्रहसुद्धा त्याचीच भावंडे. माणसाला धरतो तो ग्रह, म्हणून नवग्रहांत सूर्य, चंद्र, राहू, केतू आले आणि पायाखालची पृथ्वी राहिली. ग्रीकांनी मात्र चाल पाहून नाव दिले: प्लॅनेट म्हणजे भटक्या. आणि ते किती नेमके आहे! मंगळ ताऱ्यांमधून पुढे जाता जाता काही आठवडे चक्क मागे सरकताना दिसतो. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ही व्युत्पत्ती दोन ओळींत तरी द्यावी.

– एक वाचक