पारिजातकाची २४ फुले

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

समोर बसून आपले आभार मानू लागले की आपण विषय बदलता आणि चहा टाकायला उठता, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

पंचवटीतील आमचा वाडा गेल्या दिवाळीनंतर पाडला गेला आणि त्याबरोबर अंगणातला, आईने लावलेला पारिजातकही गेला. झाड जाणार हे ठरल्यावर त्याची काही फुले तरी जपावीत असे मनात होते, पण त्यातले मला काहीच येत नव्हते. श्रावणात पहिली फुले मी जुन्या डायरीच्या गुळगुळीत पानांत दाबली आणि आठ दिवसांनी उघडून पाहिली, तर पानांवर बुरशी धरलेली होती. मग शहरातील एका दुकानातून काही ताजी फुले रेझिनमध्ये बसवून घेतली. त्यांतला ओलावा आतच कोंडला गेला आणि महिन्याभरात पाकळ्या तपकिरी झाल्या. आईच्या झाडाचा तो शेवटचा बहर असा वाया जाताना पाहून मी आपल्याकडे आले होते. शाळा सोडून मला तीस वर्षे झाली आहेत, आणि तरीही आपण मला आवाजावरून ओळखलेत.

फूल टिकवायचे तर त्यातले पाणी शक्य तितक्या लवकर काढून घ्यावे लागते, कारण ते रेंगाळले की पाकळी काळवंडते आणि बुरशीलाही वाव मिळतो, हे आपण पहिल्याच दिवशी सांगितलेत. पारिजातकाची अडचण अशी की तो संध्याकाळी उमलतो आणि पहाटे दवाने भिजूनच खाली पडतो. त्यावर आपण सुचवलेला उपाय मला कधीच सुचला नसता. नवरात्रात रात्री झाडाखाली आईचे जुने सुती पातळ अंथरायचे आणि उजाडायच्या आत, मातीचा स्पर्श होण्यापूर्वी, फुले उचलायची. पहिल्या पहाटे आपण स्वतः कॉलेज रोडवरून रिक्षाने आलात. एकेक फूल देठाला धरून टिपकागदावर पालथे ठेवताना आणि पाकळ्या बोटाच्या टोकाने मोकळ्या करताना आपला हात जराही थरथरत नव्हता.

दाबण्यासाठी आपण काहीही विकत आणू दिले नाहीत. देवघरातले दोन लाकडी पाट, मध्ये टिपकागद आणि वर्तमानपत्रांची घडी, वर पाटा-वरवंट्यातला पाटा, एवढेच. पहिला कागद त्याच दुपारी बदलायचा, पुढचे चार दिवस रोज आणि नंतर एक दिवसाआड. बदललेला कागद इस्त्री फिरवून पुन्हा वापरायचा. गोदेच्या काठची आमची ती ओल धरलेली खोली पाहून आपण पाट उचलून माळ्यावरच्या कोरड्या जागी नेलात. फूल वाळले की नाही हे ओळखण्याची आपली रीत तर मी आता सर्वांना सांगते: ते गालाला लावून पाहावे, गार लागले तर आत अजून पाणी आहे. दोन आठवड्यांनी एकही फूल गार लागले नाही. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र राहिल्या नाहीत, सायीच्या रंगावर आल्या. देठ मात्र जसेच्या तसे केशरी आहेत. फुले जाड कागदाच्या पानावर चिकटवताना फेव्हिकॉल टूथपिकच्या टोकाने अगदी नाममात्र लावायचा, हेही आपण करून दाखवलेत.

सोनचाफा दाबून टिकला नाही. त्याच्या जाड पाकळ्या आपण सिलिका जेलमध्येही ठेवून पाहिल्यात, त्याचे निळे दाणे ओल शोषून गुलाबी होईपर्यंत वाट पाहिलीत, तरीही रंग उतरलाच. तेव्हा आपण मला खोटा दिलासा दिला नाहीत, याचेही मला मोल वाटते.

त्या दिवसांत आपण आपल्या तरुणपणी नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावर जमवलेली सोनकी आणि तेरड्याची फुले चिकटवलेली कागदाची पाने दाखवलीत. प्रत्येक पानाच्या खाली उजव्या कोपऱ्यात फुलाचे नाव, जागा, तारीख, उंची आणि आजूबाजूला काय उगवले होते, हे सगळे निळ्या शाईत लिहिलेले होते. आता तिथली फुले तोडू नयेत, छायाचित्र पुरेसे आहे, असे आपण माझ्या मुलीला निक्षून सांगितलेत, आणि ती ते पाळते.

माझ्याही पानांवर आपण तशीच नोंद लिहवून घेतलीत. ‘पारिजातक, वाड्याचे अंगण, पंचवटी, नाशिक’ इथपर्यंत मी सहज लिहिले. ‘लावणाऱ्याचे नाव’ अशी ओळ आपण स्वतःहून वाढवलीत, आणि तिथे आईचे नाव लिहिताना मला बराच वेळ लागला. आपण तोवर शेजारी नुसत्या बसून होतात.

२४ फुले टिकली आहेत. एक पान पुण्याला भावाकडे गेले, एक आमच्या नव्या घरात उन्हापासून दूरच्या भिंतीवर आहे. तिसऱ्यावरची आठ फुले आपल्यासाठी ठेवली आहेत. कीड लागू नये म्हणून, आपण सांगितल्याप्रमाणे, ते पान आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवले होते. येत्या रविवारी घेऊन येते.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी