टाकीची पंगत चुकली

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांची यादी वाचली. टेबल, पेन, रेल्वे यांच्या पंगतीला ‘टाकी’ही बसवली आहे. टेबलाबद्दल तक्रार नाही. टाकीची पंगत मात्र चुकली.

आमच्या जुन्नरात शिवनेरीवर गंगा-जमुना ही पाण्याची टाकी आहेत, कातळात कोरलेली. तिथे इंग्रजीतून नाव उसनं आणायची वेळ कधी आली नाही. पाथरवटाच्या छिन्नीलाही आपण टाकीच म्हणतो. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ यातली ती टाकी. टाकीने कोरलं ते टाकं, हे नातं मला तरी पटतं.

सतराव्या शतकात इंग्रज इथला तलाव पाहून ‘टँक’ लिहू लागले. त्यांचेच व्युत्पत्तिकोश या शब्दाचं मूळ सांगताना गुजराती आणि मराठीकडे बोट दाखवतात. पोर्तुगिजांकडेही याच अर्थाचा, कानाला असाच लागणारा शब्द होता. तो लॅटिनमधून आला असं काही अभ्यासक मानतात, त्यामुळे वाद मिटलेला नाही. इथे दोन शब्द एकमेकांत मिसळले असणंही शक्य आहे. पण मिसळले असतील तरी आपली टाकी इंग्रजांची देणगी ठरत नाही. मुंबईत ‘गवालिया टँक’ म्हणतात त्यातला टँक म्हणजे तलावच. ८ ऑगस्ट १९४२ची ‘छोडो भारत’ची सभा झाली ते मैदान त्याच नावाचं.

गंमत पुढे आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५मध्ये, इंग्लंडातल्या लिंकन गावी एका कारखान्यात चिलखती गाड्या गुपचूप तयार होत होत्या. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून त्या पाणी वाहायच्या टाक्या आहेत अशी हूल उठवली गेली आणि वर्षअखेरीस ‘टँक’ हेच नाव पक्कं झालं. जणू त्या रशियाला चालल्या आहेत, असं भासवायला काही गाड्यांवर तर ‘पेत्रोग्राद, जपून न्या’ असं रशियन भाषेत रंगवलं होतं! (पेत्रोग्राद म्हणजे तेव्हाची रशियाची राजधानी.) १५ सप्टेंबर १९१६ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत त्या पहिल्यांदा उतरल्या. गुपित फुटलं, टोपणनाव तेवढं कायमचं चिकटलं.

मराठीने मात्र या यंत्राला टाकी म्हटलं नाही, रणगाडा म्हटलं. टाकी पाण्यासाठीच ठेवली. पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

— एक निवृत्त मराठी शिक्षक, जुन्नर