बुडाची गळती आतून बुजत नाही

महोदय,

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नौका वर ओढून शाकारलेल्या असतात. या दोन महिन्यांत जाळी दुरुस्त होतात, इंजिन खोलले जाते, बुडाला रंग लागतो. बुडातून आरपार गेलेले नळ, सी-कॉक (ते नळ बंद करायचे कॉक), फिश फायंडरचा ट्रान्सड्यूसर (बुडाला बसवलेला त्याचा सेन्सर), नौकेच्या मागच्या पाटीवरचे बोल्ट यांना मात्र पाणी दिसेपर्यंत कोणी हात लावत नाही. दिसलेच तर आतून एम-सीलचा गोळा थापायचा, नाहीतर मोठा पंप बसवायचा. फायबरच्या नौकांवर हे सर्रास चालते, म्हणून हे पत्र.

बाहेरून लावलेल्या थराला समुद्राचे पाणीच दाबून धरते, आतून लावलेल्याला तेच पाणी ढकलून सोलते. गोळा काही काळ टिकला तरी भोकाच्या कडेने पाणी फायबरच्या थरांत आणि आतल्या प्लायवूडमध्ये मुरतच राहते. मागची पाटी वरून चकचकीत आणि आत भुसा, हा प्रकार त्यातूनच होतो. पंपाचे म्हणाल, तर पाण्याखाली दोन फुटांवरचा दीड इंची नळ तुटला की मिनिटाला सुमारे १४० लिटर पाणी आत येते. ताशी २००० गॅलनचा पंप कागदावरच मिनिटाला १२६ लिटर फेकतो, चढावर आणि उतरलेल्या बॅटरीवर त्याहून कितीतरी कमी.

आधी गळती नेमकी शोधावी. पाणी साचते सर्वांत खोल जागी, शिरते भलतीकडूनच. नौका पाण्यात असेल तर आतला भाग कोरडा पुसून नळांभोवती टाल्कम पावडर भुरभुरावी, ओघळ आपोआप उमटतो. नौका वर असेल तर आत चार-पाच इंच रंगीत पाणी भरून बाहेरून पाहावे. त्याहून जास्त भरू नये, बुडाखालचे टेकू त्या वजनासाठी लावलेले नसतात.

गळणारा नळ पूर्ण बाहेर काढल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. आतले नट गंजून बसले असेल तर बाहेरची कडा ग्राइंडरने उडवावी. नळ जातो, बूड वाचते. जुना सीलंट (फट बुजवणारा लेप) खरवडून ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासावे, मग अ‍ॅसिटोनने पुसावे. आधी कोणी सिलिकॉन लावले असेल तर घासण्यात कसूर नको. नुसत्या अ‍ॅसिटोनने ते पसरते आणि त्यावर पुढचे काहीच चिकटत नाही. भोकाभोवती हातोडीने ठोकून पाहावे. आवाज बद्द आला तर आतले लाकूड भिजलेले आहे. ते कोरून काढावे, जागा पूर्ण वाळू द्यावी, सिलिका पावडर घालून घट्ट केलेले इपॉक्सी भरावे आणि भोक नव्याने पाडावे. बाहेरची कड एक-दोन मिलिमीटर तिरपी घासली की तिथे सीलंटचे कडे तयार होते. बहुतेक जण ही पायरी गाळतात, आणि नळ व स्क्रू तिथेच गळतात.

पाण्याखाली राहणाऱ्या भागाला मरीन दर्जाचे पॉलियुरेथेन सीलंटच वापरावे. एकाने बाहेरून नळ स्थिर धरावा, दुसऱ्याने आतून नट फिरवावे. नळ फिरला की सीलंट फाटते. सगळीकडून सारखी वळी बाहेर आली की थांबावे. फार आवळल्यास मध्ये सीलंटच उरत नाही, आणि सुकल्यावर ‘अजून एक फेरा’ दिला तर चिकटलेले सुटते. हे सीलंट हवेतल्या ओलाव्याने कडेकडून आत सुकत जाते, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. म्हणून ३० जुलैला लावून १ ऑगस्टला नौका लोटू नये. किमान आठवडा द्यावा.

नळ प्लंबिंगच्या दुकानातला पितळी नको. खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते, धातू गुलाबी आणि ठिसूळ होतो आणि एक दिवस कॉकचा दांडा हातात येतो. ब्राँझच घ्यावे. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत; ३०४ दर्जाच्या स्टीलला सीलंटखाली, जिथे हवा पोचत नाही तिथे, खड्डे पडतात.

पंख्याचा शाफ्ट बुडातून बाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या ग्लँडचे गणित उलटे आहे. दोरीचे पॅकिंग असेल तर शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडलेच पाहिजेत. तेच पाणी त्याला थंड ठेवते. थेंबही नको म्हणून आवळले की शाफ्ट तापतो, त्यावर चर पडते, मग कोणतेच पॅकिंग टिकत नाही. दोरी सलग गुंडाळू नये. वेगवेगळी कडी कापून त्यांचे जोड एकावर एक येणार नाहीत असे बसवावे. स्टीलच्या शाफ्टवर ग्रॅफाइटचे पॅकिंग टाळावे, खाऱ्या पाण्यात ते शाफ्ट खाते.

मच्छीमार सोसायट्यांना एक सूचना. डिझेल आणि जाळ्यांबरोबर मरीन सीलंट आणि ब्राँझचे नळही ठेवा. सीलंटची ३०० मिलिलिटरची नळी उघडली की काही दिवसांत आत घट्ट होते, आणि एका नौकेला ती पूर्ण लागत नाही. तीन-चार नौकांचे नळ आधी काढून, साफ करून ठेवले आणि एकाच दिवशी बसवले, तर खर्च वाटला जाईल आणि अर्धवट सुकलेली नळी कोणी वापरणार नाही.

– फायबर नौकांची दुरुस्ती करणारे काही कारागीर, मालवण